खाडी कोणाच्या हातात? काल्पनिक जगात जादू आणि राजसत्ता कशी जुळवावी

फँटसीचा पहिला खर्डा वाचायला दिला की तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात वाचणारा हमखास एक प्रश्न विचारतो: हाताच्या इशाऱ्यावर पूर आणणारी माणसं या राज्यात आहेत, मग गादीवर साधा माणूस कसा बसलाय? लेखकाकडे उत्तर नसलं की दरबार, फितुरी, वारसांची भांडणं सगळंच पोकळ वाटायला लागतं. बहुतेक वेळा उत्तर नसतंच. जादूची ताकद किती, यावर लेखकाने रात्री घालवलेल्या असतात. ती जादू कोणाच्या गरजेची आहे, हे त्याने स्वतःला विचारलेलंच नसतं.

सत्ता अडवणुकीतून येते. ज्याच्यावाचून कोणाचं तरी काही अडतं, त्याच्याभोवती माणसं गोळा होतात, आणि त्याला मुठीत ठेवायला दुसरी माणसं धडपडतात. कोकणात हे लहान जागेत स्वच्छ दिसतं. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीला आडव्या कापत जाणाऱ्या खाड्या. खाडीच्या तोंडावर ज्याची चौकी, त्याचं गलबत. म्हणून या लेखातली सगळी मांडणी एकाच खाडीवर करून दाखवली आहे. तिला तारंबे खाडी म्हणू. ती नकाशावर नाही, पण तिच्यातलं पाणी खऱ्या कोकणातल्यासारखंच चढतं-उतरतं.

सुरुवातीला राज्य नको, खाडी घ्या

नवखा लेखक आधी खंडाचा नकाशा काढतो. सात राज्यं, तीन पर्वतरांगा, एक शापित वन. एवढ्या पसाऱ्यात सत्ता कशी चालते ते दिसत नाही. त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर खाडीची रेघ ओढा आणि तिच्या काठाने एवढंच लिहा: १२ गावं, दर गावात सरासरी ५०० माणसं, म्हणजे एकूण ६,०००. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, त्यामुळे मोठं जहाज फक्त भरतीला आत येतं. आत एक बंदर, जकातीची चौकी. दोन्ही काठांना बांध घालून समुद्राकडून मिळवलेली खार जमीन, तिच्यावर भातशेती. तोंडासमोर एक बेट, त्यावर किल्ला. वरच्या अंगाला ग्रामदेवतेचं देऊळ. बस. पहिल्या दहा प्रकरणांना हे पुरतं.

पायरी १: जादू एका वाक्यात, आकड्यांसकट

तारंब्याची जादू अशी: पाणधरा खाडीच्या तोंडाशी उभा राहून पाणी आहे त्या पातळीला ३ घटका, म्हणजे ७२ मिनिटं, धरून ठेवतो; तोंडापासून आत एक कोसापर्यंत; एकदा धरल्यावर पुढचे ८ दिवस त्याला पुन्हा धरता येत नाही; आणि प्रत्येक धरणीबरोबर त्याची नजर थोडी जाते, साधारण २०० धरण्यांनी तो पुरता आंधळा होतो.

काय होतं, किती वेळ, कुठपर्यंत, पुन्हा कधी, कशाच्या मोबदल्यात. या पाचातलं एक जरी सुटलं तरी पुढे कथा अडली की तुम्ही नकळत जादू वाढवाल, आणि वाचकाला ते बरोबर कळेल.

मोबदला ठरवताना एक चूक सगळे करतात: ‘जादू केली की थकवा येतो.’ थकवा झोपेने जातो. त्यातून राजकारण उभं राहत नाही. मोबदला असा हवा की तो इतरांना दिसेल, मोजता येईल आणि त्यावर भांडता येईल. डोळ्यांवर पडदा चढत चाललेला बावीस वर्षांचा पोरगा बाजारातून जातो तेव्हा त्याच्या किती धरण्या उरल्या याचा हिशोब अख्खा बाजार करतो.

सहावी गोष्ट वेगळी लिहा: जादू होताना कोणाला दिसते? इथे खरी भरती-ओहोटी कामाला येते. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पाणी भरतं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ज्या दिवसांत पाणी सगळ्यात उंच चढतं, त्या उधाणाच्या दिवसांत भरती साधारण मध्यान्हीला आणि मध्यरात्रीला येते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही.

आता बघा काय हाती लागलं. दुपारची धरणी साऱ्या गावादेखत होते. मध्यरात्रीची धरणी कोणी बघत नाही. दुपारी जकात भरलेलं गलबत आत येतं. रात्री काय आलं, कोणासाठी पाणी धरलं, किती पैसे कोणाच्या हातात पडले, याला साक्षीदार नाही. संशय, चोरटा माल, खोटा आळ हे सगळं पंचांगातून आपोआप निघालं, वेगळं रचावं लागलं नाही.

पायरी २: माणसं मोजा

‘थोडेच लोक जादू करू शकतात’ हे वाक्य खोडून तिथे आकडा लिहा. शंभरात दहा असतील तर ती कला सुतारकामासारखी होते; तिच्यावर कर बसतो, तिचे पंच असतात, तिच्यातही चांगला कारागीर आणि वाईट कारागीर असतो. हजारात एक असेल तर प्रत्येकाला लोक नावाने ओळखतात आणि प्रत्येक जण एकेक पक्ष होऊन बसतो. लाखात एक असेल तर त्याला देव्हाऱ्यात बसवतील नाहीतर किल्ल्यात लपवतील, मधली वाट नाही.

तारंब्याला हजारी एक धरू. ६,००० माणसांत ६ पाणधरे. दर उधाणाचे चार-चार दिवस, महिन्यातून दोनदा, म्हणजे ८ दिवस. दिवसाला दोन भरत्या, एकूण १६. पाणधऱ्याला ८ दिवसांची विश्रांती लागते, त्यामुळे एका उधाणात प्रत्येकाची एकच धरणी. सहा जणांच्या सहा, महिन्याला १२. भरत्या १६, धरण्या १२. चार भरत्या रिकाम्या जाणार. कोणत्या, हे कोण ठरवतं? तुमच्या राजकारणाचा पहिला प्रश्न हा.

आणखी पुढे जा. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या पाण्यात पडतात, तिथपासून मेअखेरपर्यंत साधारण नऊ महिने. वर्षाला एका पाणधऱ्याच्या वाट्याला १८ धरण्या. २०० भागिले १८, अकरा वर्षं. सोळाव्या वर्षी हाताशी आलेला पोरगा सत्ताविसाव्या वर्षी आंधळा. त्याच्यापुढे अजून तीस-चाळीस वर्षं आयुष्य, पदरात बायकापोरं, आणि खाडीची सगळी गुपितं डोक्यात. अशा वीस-पंचवीस आंधळ्यांची वाडी तारंब्यात असणारच. त्यांना कोण सांभाळतं? कोण त्यांच्याकडे रात्री गुपचूप सल्ल्याला जातं? कादंबरीतलं सगळ्यात दमदार घर बहुधा त्या वाडीत सापडेल.

हजारी एक हे प्रमाण राज्यभर लावून बघायला विसरू नका. दहा लाखांच्या राज्यात मग हजार पाणधरे होतात आणि तिथे वेगळाच हिशोब सुरू होतो. गावोगाव एकेक जादूगार आणि सगळ्या राज्यात मिळून बारा, असा घोटाळा बऱ्याच खर्ड्यांत असतो.

पायरी ३: कोणाचं काय अडतं

कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे माणूस, उजवीकडे जादू झाली तर आणि थांबली तर त्याचं काय होतं.

नाखव्याला भरती लांबलेली हवी: दांडा ओलांडायला ७२ मिनिटं जादा मिळाली तर एकाऐवजी तीन जहाजं आत येतात. जकातदारालाही तेच हवं. खार जमिनीच्या शेतकऱ्याला नेमकं उलटं. उंच पाणी जितका वेळ बांधाला टेकून उभं राहील तितका बांध पाझरतो, खेकड्याच्या बिळातून धार लागते, आणि एकदा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात होत नाही. त्याला पाणधरा हवा तो पाणी चढत असताना मधेच धरायला, शेंड्यापर्यंत पोचू न द्यायला. कसब एकच, पण एका धरणीत एकतर गलबत आत येईल किंवा बांध वाचेल.

तिसरा माणूस बहुतेकांना सुचत नाही. डोल लावणारा कोळी. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. खुंटांना बांधलेलं तोंड प्रवाहाकडे असतं, ओढ असली तर मासळी आत येते. उधाणाला ओढ जास्त, मासळीही जास्त. पाणी कोणीही, कोणासाठीही धरलं तरी त्या ७२ मिनिटांत ओढ थांबते आणि डोल रिकामी लोंबते. त्याला पाणधरा नकोच आहे.

एका कृतीने एकाचं भलं, दुसऱ्याचं नुकसान, तिसऱ्याचा संताप. अशी तिहेरी गाठ तुमच्या जादूत सापडली नाही तर पायरी १ कडे परत जा. सगळ्यांचं भलंच करणारी जादू दवाखान्यासारखी असते, तिच्यावर राज्य चालत नाही. नुसती मारक जादू असेल तर ती तोफ आहे. तोफेचं राजकारण करता येतं, पण मग तिची दारू कोण पुरवतो तिथे लक्ष द्यावं लागतं.

पायरी ४ आणि ५: पोर कोणाचं, पोटाला कोण घालतं

जादू रक्तातून येत असेल तर वतन तयार होतं, लग्नं राजकीय होतात आणि दत्तक वारस मोठा प्रश्न बनतो. शिकून येत असेल तर शिकवणारी गादी तयार होते, आणि तिच्या प्रमुखाला राजा भेटायला जातो की प्रमुख राजाकडे येतो, यावरून सगळं कळतं. कोणाच्याही पोटी कसंही जन्मत असेल तर गरीब घरातून पोरं उचलणारी माणसं हिंडायला लागतात. तारंब्याला तिसरं घेतलंय, कारण त्यात आईबापांना निर्णय घ्यावा लागतो: पोराने पाणी धरलं हे गावाला सांगायचं की लपवायचं?

पोटाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. पाणधऱ्याला गावं मिळून दर सुगीला भात देत असतील, बलुत्यासारखं, तर तो गावांचा. सरकार रोख पगार देत असेल तर तो सरकारचा, आणि तिजोरी रिकामी झाली की कोणाचाच नाही. नाखवा धरणीमागे पैसे मोजत असेल तर जास्त पैसे देणारा जिंकतो आणि बांध फुटतात. इनाम जमीन दिली तर तो हळूहळू जमीनदार होतो. मग त्याला पाण्यापेक्षा शेतसाऱ्याची काळजी जास्त. खोतीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा मधला माणूस, त्याचा हक्क वंशपरंपरेने घट्ट होत गेला आणि बऱ्याच गावांत सरकार म्हणजे खोतच अशी स्थिती झाली. खोती रद्द करायला १९४९ चा कायदा यावा लागला. मधल्या माणसाला दिलेला हक्क परत घेणं किती अवघड असतं, ते यात दिसतं.

शक्यतो दोन प्रकार एकत्र ठेवा. सहातले चार गावांच्या भातावर, दोन सरकारी पगारावर. भांडण त्या फटीतून सुरू होतं.

पायरी ६: गादी काय करते

इथे थांबून वेळ द्या, कारण नवख्या लेखनात गादी नुसती बसून असते. जादूगार बंड करतो तेव्हा राजा दचकतो, जणू त्याने त्याआधी कधी विचारच केला नव्हता. खरी गादी असा विचार रोज करते.

कोकणच्या इतिहासात यासाठी आंग्र्यांचं आरमार अभ्यासावं. आरमार ही एका अर्थी जादूच होती: घाटावरच्या दरबाराला ती हवी होती, पण करता येत नव्हती. जहाज बांधणं, वारा ओळखणं, दांड्यावरून गुराब (लढाऊ जहाज) आत घेणं हे किनाऱ्यावरच्या माणसांचं कसब.

कान्होजी आंग्रे आधी सातारच्या छत्रपती शाहूंच्या विरुद्ध बाजूला होते. त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांनी कैद केले. म्हणजे बळाचा प्रयोग फसला. मग १७१३ मध्ये पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हा किताब आणि किल्ले कान्होजींकडे राहिले आणि ते शाहूंच्या बाजूला आले. गादीची ही पहिली चाल: जे हिसकावून घेता येत नाही ते सनद देऊन आपलं म्हणायचं. कान्होजींच्या हातातलं फारसं काही गेलं नाही, शाहूंच्या पदरात आरमार पडलं आणि कागदावर धनी कोण ते स्पष्ट झालं.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांत भांडण लागलं, आणि १७३५ च्या सुमारास पेशव्यांनी मधे पडून वाटणी केली: मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाच्या अंगाला. ही दुसरी चाल: घर दोन करा, दोघांनाही किताब द्या, दोघंही तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील.

पुढे दक्षिणेकडचा भाग कान्होजींचे आणखी एक पुत्र तुळाजी यांच्याकडे आला आणि ते पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा तिसरी चाल झाली, बाहेरचा आणला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या मदतीने घेतला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींचं आरमार जळालं. विजयदुर्ग लगेच पेशव्यांच्या हातीही आला नाही. इंग्रज काही महिने तो धरून बसले. डोईजड सरदार संपला आणि त्याच्याबरोबर समुद्रावर इंग्रजांना अडवू शकणारी मोठी ताकदही गेली.

हे तीन टप्पे तुमच्या राजाला द्या, याच क्रमाने. सनद, फाळणी, बाहेरचा. प्रत्येक चालीची किंमत आधीच्यापेक्षा जास्त आणि प्रत्येक वेळी राजाला ती परवडणारी वाटते. तारंब्याच्या सहा पाणधऱ्यांना राजाने ‘दर्यासारंग’ असा किताब दिला, मग तो दोघांनाच दिला, मग कोणाला तरी नमवायला परमुलखातला पाणधरा आणला, एवढ्यावर तीन खंड निघतील.

चौथी चाल परवान्याची. पोर्तुगीज या समुद्रात कार्ताझ विकत. तो पास नसलेलं जहाज पकडायचं. समुद्र त्यांनी निर्माण केला नव्हता, वारा त्यांचा नव्हता, पण कागद त्यांचा होता. पुढे कान्होजींनी आपले दस्तक द्यायला सुरुवात केली, म्हणजे समुद्रावर हक्क कोणाचा हा वाद कागदाने मांडला. तुमच्या राजाला पाणी धरता येत नसेल, पण कोणत्या जहाजासाठी पाणी धरायचं त्याचा शिक्का त्याच्याकडे असू शकतो. बिनशिक्क्याची धरणी गुन्हा. शिक्का मारणारा कारकून मग पाणधऱ्याइतकाच मोठा होतो. त्याला नाव द्या, घर द्या, कर्ज द्या.

आणि जागेचा विचार करा. सिंधुदुर्ग समुद्रात आहे, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जंजिऱ्यातही गोडं पाणी आहे, आणि तो किल्ला मराठ्यांना घेता आला नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींनी आधी निजामशाही, मग आदिलशाही, मग मोगल असे धनी बदलले, किल्ला मात्र त्यांच्याकडेच राहिला. ज्याच्या जागेत पाणी आहे त्याला वेढ्याची धमकी देऊन उपयोग नसतो. तुमच्या जादूगाराला कोंडता येतं का, उपाशी ठेवता येतं का, हे जागा ठरवते. गावच्या भातावर जगणारा पाणधरा बेटावर जाऊन बसला तर पंधरा दिवसांत खाली येईल. बेटावर विहीर आणि वर्षाचं भात असेल तर राजालाच होडीत बसून जावं लागेल.

पायरी ७: मान

बळ एकाकडे आणि मान दुसऱ्याकडे असू शकतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवळाभोवतीच्या रीतीभातीत, पहिला मान कोणाचा, गाऱ्हाणं कोण घालतो, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे ठरलेलं असतं. देवाला पाकळ्या लावून कौल घेतला जातो. पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, त्यावर गावाचा निर्णय थांबतो. गाऱ्हाणं पुरं झालं की सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि त्या होकारात जे ठरलं ते मोडायला मोठी हिंमत लागते.

तारंब्यात पाणधऱ्याला मानकऱ्यांत जागा आहे का? असेल तर कितवी? माझ्या मते पाचवी-सहावी द्यावी, पहिली कधीच नाही. ज्याच्यावाचून खाडी अडते तो नारळाला पाचव्या क्रमांकावर उभा राहतो, एवढ्यानेच त्याच्या मनातलं सगळं वाचकाला कळतं.

हे करताना खऱ्या देवस्कीची हुबेहूब नक्कल करू नका. ती माणसं आणि त्यांची श्रद्धा आजही गावागावांत आहेत. घडण घ्या, नावं आणि विधी स्वतःचे रचा.

पायरी ८: गाव ‘नाही’ म्हणतं तेव्हा

जादू नसलेल्यांकडे काहीच नसतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप केला. त्यांनी शेती कसायचीच थांबवली, आणि हा संप सुमारे सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. सहा वर्षं जमीन पड ठेवणं म्हणजे काय, याचा रोजचा तपशील मनात उभा करा: घरातलं बी खाऊन संपतं, माणसं मजुरीला बाहेर पडतात, कोणीतरी गुपचूप नांगर धरतो आणि शेजारी त्याच्या दारात जाऊन बसतात. खोताकडे हक्काचे कागद होते, पण अर्धल, म्हणजे पिकातला खोताचा अर्धा वाटा, द्यायला भातच नव्हतं.

महाडचं चवदार तळंही लक्षात ठेवा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसांनी तिथे पाणी प्यायलं. पाणी तिथे होतंच, ते सार्वजनिक म्हणून खुलंही झालेलं होतं. अडवलेला होता तो हात लावण्याचा हक्क. तुमच्या जगातली जादू सगळ्यांसाठी आहे असं कायदा म्हणत असेल, तर घाटाच्या पायरीवर प्रत्यक्षात कोण कोणाला अडवतं ते लिहा.

तारंब्यात ‘नाही’ कसं दिसेल? गावांनी पाणधऱ्यांचं भात बंद केलं. डोलकऱ्यांनी दांड्याच्या वाटेत खुंट रोवले, आता पाणी धरलं तरी गलबत येत नाही. एका आईने पोराला घाटावर पाठवलं. तिन्ही साधे उपाय आहेत आणि तिन्हीपुढे जादू थिटी पडते.

नावं आणि हाका

‘जादूगार’ म्हटलं की मराठी वाचकाला टोपीतून ससा काढणारा दिसतो. ‘मांत्रिक’, ‘भगत’, ‘चेटकीण’ या शब्दांना खऱ्या माणसांचा छळ चिकटलेला आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यामुळेच झाला. म्हणून शब्द कामावरून घडवा. पाणी धरणारा पाणधरा, बाई असेल तर पाणधरी, पुढे त्याचं आडनावही होईल. नवा शब्द तीनदा मोठ्याने उच्चारून बघा. भांडणात ओरडता आला तर ठेवा.

हाकांकडे खास लक्ष द्या, मराठीत सत्ता क्रियापदात दिसते. ‘पाणी धर’, ‘पाणी धरा’, ‘पाणी धरावं’. जकातदार सोळा वर्षांच्या पोराला दिवसा ‘धर’ म्हणतो आणि मध्यरात्री, गलबत दांड्यावर रुतायला आलं की, ‘धरा हो’ म्हणतो. शेतकरी म्हातारी त्याला ‘बाळा’ म्हणते आणि अरेतुरे करते, कारण त्याचं बारसं तिने बघितलंय. त्याची नजर गेल्यावर कोण अहोजाहो चालू ठेवतं आणि कोण सोडतं, याची यादी करून ठेवा.

लिहायला बसण्याआधीची तपासणी

एक उधाण घ्या. त्रयोदशीपासून चार दिवस, आठ भरत्या, सहा धरण्या. प्रत्येक भरतीपुढे पाच गोष्टी लिहा: कोण धरतो, कोणासाठी, कोणी सांगितलं, कोणी काय दिलं, कोणाचं नुकसान झालं. दोन भरत्या रिकाम्या राहतील, तिथे का राहिल्या ते लिहा. हा कागद भरायला एक संध्याकाळ लागते. भरता आला नाही तर कोणत्या पायरीत काय सुटलंय ते तिथेच सापडतं: ‘कोणी सांगितलं’चा रकाना कोरा राहिला तर गादी कच्ची, ‘काय दिलं’चा कोरा राहिला तर पायरी ५ परत करा.

मग त्या कागदावर एकेक धक्का देऊन बघा. राजा मेला आणि वारस आठ वर्षांचा आहे, शिक्का आता कोणाच्या हातात? श्रावणात बांध फुटला, आळ कोणावर? दांड्याबाहेर परकी जहाजं उभी आहेत आणि भांग चालू आहे; उधाणाला अजून पाच दिवस आहेत, त्या पाच दिवसांत कोण कोणाला भेटतं?

शेवटी सहाचे पाच करा. एक पाणधरा कमी, बाकी काहीही बदलू नका, आणि तेच चार दिवस पुन्हा लिहून काढा.